फोर-टेनच्या क्रिम्पमधला चोर सापडला

मंडळी, सापडलं! घरी भरलेल्या फोर-टेन (.४१० बोअर) शॉटगन काडतुसांच्या तोंडाशी राहणाऱ्या ज्या भोकावरून मागच्या नोंदीखाली आपण एवढा काथ्याकूट केला, त्याचं मूळ शेवटी हाती लागलं. आणि ते क्रिम्पमध्ये, म्हणजे तोंड बंद करणाऱ्या पाकळ्यांच्या घडीत, नव्हतंच.

दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. अडीच इंची .४१०, सहा पाकळ्यांचा क्रिम्प, अर्धा औंस नऊ नंबरचे छर्रे. काही काडतुसांच्या तोंडाशी मधोमध भोक राहायचं, इतकं की खिशातून काढेपर्यंत दोन-चार छर्रे सांडलेले असायचे. तर काहींचा क्रिम्प बशीसारखा आत बसायचा. हल (काडतुसाची रिकामी टरफलं) एकाच लॉटचे, वॅड (पावडर, म्हणजे बारूद, आणि छर्रे यांच्यामधलं बूच) एकाच पिशवीतले, काडतुसं भरायच्या प्रेसच्या एकाही नटाला हात लावलेला नाही, तरी प्रत्येक काडतूस आपल्या मनाचं राजं.

ज्यांच्यावर संशय घ्यायचा त्या सगळ्यांची चौकशी झाली. हलची लांबी कॅलिपरने तपासली, फरक नगण्य. पावडर तराजूवर टाकून पाहिली, मॅन्युअलच्या आकड्याला धरून. न्यू जर्सीच्या मित्राने सुचवल्याप्रमाणे वॅडवरचा दाब कमी-जास्त केला, ढिम्म फरक नाही. क्लबातल्या एका जुन्या जाणत्यांनी आपलं क्रिम्प स्टार्टर (पाकळ्यांना पहिली घडी घालणारा भाग) वापरायला दिलं, त्यावरही तेच रडगाणं. नवं स्टार्टर मागवायच्या बेतात होतो, ते आता रद्द.

रुंद नळीच्या बारा बोअरवाल्यांना हे सगळं अतिरेकी वाटेल. पण फोर-टेनच्या नळीचं क्षेत्रफळ बाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरतं. बाराच्या हलमध्ये पाच-पंचवीस छर्रे इकडचे तिकडे झाले तर क्रिम्पला पत्ता लागत नाही. इथे तेवढ्याच छर्‍यांनी उंची बदलते आणि पाकळ्या मिटायला नकार देतात. शिवाय हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आपण पावडर म्हणून २९६ किंवा एच ११० वापरतो (दोन्ही एकच पावडर, फक्त डब्याचा रंग वेगळा), तिला नीट पेट घ्यायला घट्ट क्रिम्प लागतो. तोंड उघडं राहिलं आणि वर मिशिगनची थंडी असली, की फुसका बार ठरलेला. असा बार निघाला की आधी बंदूक उघडून नळी आरपार बघायची. वॅड आत अडकलेली असताना पुढचं काडतूस घालणं म्हणजे नळी फाडून घेणं.

उलगडा झाला तो एका लाकडी ट्रेमुळे. एरवी भरलेली काडतुसं परडीत टाकतो. या खेपेला भरली त्या क्रमाने ट्रेमध्ये उभी केली आणि चित्र लख्ख झालं. आत बसलेल्या क्रिम्पच्या लगेच पुढे भोकवालं काडतूस! सुटं कुठेच नाही, जोडीनेच. म्हणजे एकाचं काहीतरी दुसऱ्याच्या पोटात जात होतं.

अशी एक जोडी घेतली, टोच्याने पाकळ्या उघडल्या आणि छर्रे वजन केले. अर्धा औंस म्हणजे २१८.७५ ग्रेन. बसक्या काडतुसात बरेच कमी भरले, ते अपेक्षितच होतं. पण भोकवाल्यात छर्रे अगदी मापात! तिथे मी थबकलो. जास्तीचे छर्रे नाहीत, तर उंची कशाने वाढली? चिमट्याने वॅड ओढून काढली, खालची पावडर पांढऱ्या कागदावर पालथी केली, आणि त्या बारीक करड्या दाण्यांमध्ये शिशाचे काळे, चकचकीत छर्रे पडलेले दिसले. वॅडच्या खाली, पावडरमध्ये.

एकदा ते पाहिलं की बाकीचं आपोआप जुळतं. आपल्या प्रेसवर पावडर, वॅड आणि छर्रे या सगळ्यांसाठी ठासणीची नळी एकच. छर्रे सोडताना थोडे नळीत कमान करून अडकायचे, ते काडतूस उणं राहायचं. दांडा वर जाऊन पुढच्या हलवर खाली आला, की धक्क्याने अडकलेले छर्रे पावडरबरोबर तळाशी जायचे. वर वॅड, त्यावर पुरे छर्रे, म्हणजे सगळा डोलारा तेवढा उंच. मग क्रिम्प कसा मिटणार?

आता ते अडकत का होते? कारण या हिवाळ्यात घेतलेले, नेमबाजीच्या रेंजवरून गोळा केलेले, धुऊन पुन्हा विकलेले छर्रे. पुरवठादाराचं नाव घेत नाही, पण भिंगाखाली मूठभर पाहिले तर चपटे, एकमेकांना चिकटलेले जुळे, मधूनच मातीचा कण. बाराच्या ठासणीच्या रुंद नळीतून असला माल निमूट उतरतो. फोर-टेनच्या नळीत एक जुळा आडवा पडला की मागची सगळी रांग तुंबते. माझं स्पष्ट मत: फोर-टेनला नवे, शिशाला कडक करणारं अँटिमनी जास्त असलेले छर्रेच घ्यावेत. पैसे वाचवायचे तर बारामध्ये वाचवा.

पण घरात ती अख्खी थैली पडून आहे. म्हणून काचेचं तावदान किंचित उतरतं लावलं आणि वरून छर्रे सोडले. गोल असतील ते धावत खाली येऊन कडेच्या फटीपलीकडच्या डब्यात उडी मारतात, चपटे आणि जुळे रेंगाळून फटीतच पडतात. आजी सुपात तांदूळ पाखडायची तसं हे काम, तेवढाच धीर लागतो. सोबत ठासणीची नळी काढून आतून बारीक स्टील वूलने घासली. शिशाची बरीच काळी भुकटी निघाली.

काल रात्री निवडलेल्या छर्‍यांचा पहिला लॉट भरला. काय सांगू! सहाही पाकळ्या मधल्या एका बिंदूत मिळालेल्या, कड गोल, बोटाने दाबलं तरी हलत नाही. ट्रेमधली पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी. मी ती रांग बराच वेळ बघत बसलो. जुना लॉट मात्र एकही न उडवता उघडून टाकतोय. ज्या पावडरमध्ये छर्रे गेले त्या काडतुसात दाब किती चढेल याचा भरवसा नाही, आणि ती पावडर परत डब्यात जाणार नाही.

पुढे मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप प्रेसला बांधून नळी सतत थरथरती ठेवायचा विचार होता, बरेच जण तसं करतात. पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की त्याच थरथरीने प्रेसवरच्या बाटलीतली बॉल (गोल दाण्यांची) पावडर दाबून बसेल आणि ती मोजून सोडणाऱ्या पट्टीतून जास्त वजन पडेल. फोर-टेनमध्ये तो धोका नकोच. त्यापेक्षा छर्रे प्रेसवरून भरायचेच नाहीत: वॅड बसवून हल बाजूला घ्यायचं, पारदर्शक नरसाळं आणि मापाने छर्रे ओतायचे, डोळ्यांनी बघायचं, मग क्रिम्पला. वेग निम्म्यावर येईल, येऊ दे. कारखान्याचं फोर-टेन बारापेक्षा लहान असून महाग, एवढी मेहनत त्यासाठीच तर करतो आपण.

२८ गेजबद्दल (फोर-टेनहून मोठं, बाराहून लहान) फार सांगण्यासारखं नाही, कारण ते सुरळीत चाललंय. पाऊण औंस, पहिल्याच प्रयत्नात देखणा क्रिम्प. मात्र तिथे युनिक नावाची पावडर वापरतो आणि तिचे चपटे कण नळीत असेच कमान धरू शकतात. एक हल उणं आणि पुढचं दुप्पट, हे पावडरीच्या बाबतीत झालं तर जिवावर बेतेल. त्यामुळे आता वॅड ठेवण्याआधी प्रत्येक हलमध्ये विजेरी मारून पावडरीची पातळी बघतो, आणि २८ सुद्धा क्रमाने ट्रेमध्येच उभी राहतात.

नऊ नंबरचा छर्रा ०.०८ इंचाचा. जुळे वर अडकवून सुटे खाली सोडणारी चाळणी कुणाकडे असेल तर तिच्या भोकाचं माप कळवा, म्हणजे थैलीतला उरलेला माल काचेवर न घालता संपवता येईल.