कार्ड १४३: एफिकेशस सुटला, पण बाकीचा डबा उसवला

मंडळी, इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधून मी कार्डांवर लिहितो, त्यातलं मागच्या वेळी ज्याच्या नावाने रडलो होतो तेच हे कार्ड: एफिकेशस (efficacious). इफिशियंटला ‘कार्यक्षम’ आणि इफेक्टिव्हला ‘परिणामकारक’ देऊन मी मोकळा झालो, आणि एफिकेशस हात पसरून दारात. तिघंही लॅटिन ‘एफिकेरे’च्या, म्हणजे घडवून आणण्याच्या, घरातले. वाटणी करताना तिसऱ्याला काहीच उरलं नव्हतं.

‘गुणकारी’ तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. आवळा गुणकारी, आपल्या सांगलीची हळद गुणकारी, ठीक. पण कीटकनाशकाला गुणकारी कोण म्हणेल? ‘रामबाण’ तर कधी चुकतच नाही. एफिकेशसचा एवढा दावा नसतो. ज्यासाठी दिलं ते काम औषधाने केलं, बस्स. बरं, तो माणसाला सहसा लागतही नाही. औषध, उपचार, उपाय, एवढंच त्याचं गणगोत.

गाठ सुटली तासगावात. भावाच्या द्राक्षबागेत डाऊनी, म्हणजे पानांवरचा बुरशीसारखा रोग, आली म्हणून त्याच्यासोबत औषधाच्या दुकानात गेलो. पुढे एक काका, हातात पान. पान उलटं करून खालची पांढरी बुरशी दाखवली, दुकानदाराने बाटली काढली. काकांनी किंमत नाही विचारली. म्हणाले, ‘‘रिझल्ट हाय का ह्याचा?’’

मी तिथेच बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.

म्हणजे विशेषण शोधत बसलो हीच चूक! आपण हे क्रियापदाने म्हणतो: औषध लागू पडलं, गुण आला. आणि गंमत म्हणजे मराठीत गुण औषधातून डॉक्टरच्या हातातही जातो, ‘त्यांच्या हाताला गुण आहे’. एफिकेशस डॉक्टर मात्र म्हणता येत नाही. हे सापडलं तेव्हा रात्री एकटाच हसलो.

नामाचा, म्हणजे एफिकसीचा, घोळ वेगळाच. २०२० मध्ये फायझरच्या लशीची चाचणीतली एफिकसी ९५ टक्के आली. चाचणीतली ती एफिकसी, प्रत्यक्ष लोकांत दिसते ती इफेक्टिव्हनेस. आपण दोन्हींना ‘परिणामकारकता’ म्हणून मोकळे होतो. ‘चाचणीतला गुण’ आणि ‘वापरातला गुण’ चालेल का? लिहिता लिहिताच सुचलंय, ठोकून बघा.

पुढचं कार्ड इफेक्च्युअल ठरलं होतं. ते रद्द. आधी जुन्या १४२ कार्डांवर क्रियापदाचा रकाना काढायचा. जेल पेनने नाही. नव्या गुळगुळीत कार्डांवर शाई फरफटते, अर्धं ‘परिणामकारक’ माझ्या तळहातावर आलंय. जुनं बॉलपेनच बरं.

१४३ वर तूर्तास ‘लागू पडणारा’ लिहिलंय. खाली पेन्सिलीने, ‘रिझल्ट हाय’.