तीन पाऊण सव्वादोन

प्रवासाला निघण्यापूर्वी वेळापत्रक आखणे हा माझा जुना छंद आहे आणि त्यावरून घरात माझी पुरेशी थट्टाही होते. गुहागरच्या सहलीसाठी केलेल्या कागदावर तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिले होते: सकाळी नऊ, हेदवीची बामणघळ, साडेअकरा, तवसाळहून फेरीबोटीने जयगड, जेवण गणपतीपुळ्यात. दर्शन त्याच संध्याकाळी उरकायचे होते, कारण दुसऱ्या दिवशी संकष्टी होती आणि त्या दिवशीची रांग मला टाळायची होती.

बामणघळ म्हणजे उमामहेश्वराच्या देवळाजवळ, समुद्रकाठच्या काळ्या कातळाला पडलेली अरुंद, खोल भेग. भरतीची लाट तिच्यात घुसली की पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही आणि ते कारंज्यासारखे उंच उसळते. आम्ही ठरल्याप्रमाणे नऊ वाजता पोहोचलो, तेव्हा तळाशी जेमतेम पाणी होते आणि त्यावर नारळाची एक करवंटी तरंगत होती. मुलाने वाकून पाहिले आणि एवढ्यासाठीच आपण पहाटे उठलो का, असे विचारले.

चहाला ज्या घरगुती खाणावळीत थांबलो, तिथल्या काकांना मी माझी तक्रार सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "आज तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. तुम्ही सकाळचे नऊ लिहिलेत, पाणी दुपारी यायचे. जेवूनच जा आता."

पाऊणकी आमच्या वडिलांच्या पिढीबरोबर संपली, अशी माझी समजूत होती. किनाऱ्यावर मात्र ती अजून कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. चंद्र रोज साधारण 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच पुढे सरकते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला फारसा जोर नसतो; आम्ही मात्र पौर्णिमेनंतर तिसऱ्याच दिवशी आलो होतो, उधाण अजून पुरते ओसरले नव्हते, म्हणजे थांबण्यात अर्थ होता. मी भूगोलात पाठ केलेली ही सगळी माहिती सहलीचा कागद करताना मला एकदाही आठवली नव्हती, हे इथे कबूल केलेले बरे.

थांबायचे ठरले, पण ते फुकट पडले नाही. गणपतीपुळ्याच्या निवासाला फोन केला, तेव्हा आगाऊ भरलेले एका रात्रीचे भाडे परत मिळणार नाही, असे अतिशय गोड आवाजात सांगण्यात आले. आयत्या वेळी बेत बदलण्याचे गुणगान बहुधा ज्यांचे भाडे अडकलेले नसते तेच करतात. आणि इथे बेत बदलून बदलणार तरी किती? तवसाळची शेवटची फेरी चुकली, तर खाडीला मोठा वळसा घालून जावे लागते. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, मग तुमच्याकडे कितीही मोकळा वेळ असो. कोकण रेल्वेलासुद्धा पावसाळ्यासाठी निराळे वेळापत्रक करावे लागते आणि त्यात गाड्यांचा वेग कमी धरावा लागतो. आमच्या कागदात ती सोय नव्हती. पत्नीने तो माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

जेवणात सुरमई, आंबोळी आणि सोलकढी होती. दोनच्या सुमारास आम्ही पुन्हा कातळावर गेलो. आधी घळीच्या पोटातून नुसती घरघर ऐकू आली, मग एक लाट आत शिरली आणि पुढच्याच क्षणी पाण्याचा पांढरा खांब आमच्या डोक्यावरून वर गेला. खाली येताना त्याने चौघांनाही नखशिखान्त भिजवले. मुलगा तासभर तिथून हलला नाही. शेवटी आम्ही ती रात्र काकांच्याच माडीवर काढली.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्यात रांग अपेक्षेप्रमाणेच लांब होती. उन्हात तासभर उभे राहिल्यावर मुलाने विचारले, "आज चतुर्थी ना? म्हणजे चार पाऊण तीन." तीनच्या भरतीपर्यंत आपला नंबर लागेल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.