चुडताचा पुरावा

२०२४चा जुलै. गोव्यातल्या आमच्या माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी पावणेनऊला पणजीला ऑफिसात जायला निघालो होतो. स्कूटर, अंगात रेनकोट, आणि बाणस्तारीकडे जाणारा ओला रस्ता. दोन्ही बाजूंना माड. सुकलेलं चुडत, म्हणजे माडाची झावळी, सुटतं तेव्हा वर आधी ‘कड’ असा आवाज येतो आणि आपण नकळत बाजूला होतो, हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे. पण हेल्मेटात तो आवाज येत नाही. मला ते दिसलं तेव्हा पुढ्यात आडवं पडलेलं होतं, माझी अख्खी बाजू अडवून.

कचकन ब्रेक दाबला असता तर ओल्या डांबरावर घसरलो असतो. सरळ गेलो असतो तर चुडतावरून चाक फिरलं असतं. समोरून वळणापर्यंत कोणी नव्हतं. मधली अखंड रेष ओलांडून उजवीकडून गेलो आणि लगेच परत डावीकडे आलो. तेवढ्यात फोटो निघाला होता.

वळणाच्या अलीकडे उभ्या असलेल्या पोलिसानं हात केला. “लायसन दाखयात, बाब.” मी मागं बोट दाखवलं. त्यानं मशीनकडे बोट दाखवलं. फोटोत मी होतो, रेष होती आणि माझ्या फुगलेल्या रेनकोटाआड चुडत पूर्ण झाकलेलं होतं. चलन निघालं कलम १८४चं, धोकादायक वाहन चालवण्याचं. रक्कम चार आकडी. जागेवर भरायला मी नकार दिला. शूरपणानं नव्हे, पाकिटात तेवढे पैसे नव्हते, आणि तेवढ्या वेळात रागही आला.

माझा आतेभाऊ वकील आहे. संध्याकाळी त्याला फोन केला. “दादा, नाइलाज होता रे.” तो म्हणाला, “असं लिहू नकोस. नाइलाज सगळ्यांचाच असतो. वेग किती, अंतर किती, समोरून कोण येत होतं, थांबला असतास तर काय झालं असतं, ते लिही.” मग त्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ वाचून दाखवलं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या पोटात गोळा आला. पण त्याच कलमात २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं एक स्पष्टीकरण आहे. त्यात सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं असे प्रकार दिले आहेत, आणि शेवटी सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फार खालच्या दर्जाचं चालवणं. म्हणजे सावध माणसानं तिथं काय केलं असतं, हे कायदाच विचारतो. चलनाच्या मशीनमध्ये तो प्रश्न विचारायची सोय नाही, एवढंच.

दादानं आणखी एक कलम सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९, जुन्या दंड संहितेतलं ८१. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेनं केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. उदाहरण आहे जहाजाचं: कप्तानाची चूक नसताना समोर वीस-तीस माणसांची होडी येते. दिशा बदलली नाही तर ती चिरडणारच; बदलली तर दोन माणसांच्या दुसऱ्या होडीला धोका, पण ती कदाचित वाचेलही. १८६०पासूनचा हा कप्तान माझ्या स्कूटरच्या मदतीला येईल असं कधी वाटलं नव्हतं. माझ्या बाबतीत तर दुसरी होडीच नव्हती.

आता पुरावा. तिसऱ्या दिवशी त्या जागी गेलो तर रस्ता स्वच्छ. जवळच्या घरातल्या काकींना विचारलं.

“चुडत? तें हांवें व्हेलें. उदक तापोवंक.”

माझा पुरावा न्हाणीच्या चुलीत! पण पावसाळा पावला. ओलं असल्यानं त्यांनी ते अजून जाळलं नव्हतं, गोठ्याच्या वळचणीला टेकवून ठेवलं होतं. मी टेप लावून मोजलं: चार मीटरला थोडं कमी. रस्त्यावर माझ्या बाजूची रुंदी त्याहून कमी भरली. फोटो काढले. काकी तोवर नारळ पाडणारे पाडेली मिळत नाहीत, माड साफ होत नाहीत, भाटकार (बागेचा मालक) मुंबईत, अशी सगळी कर्मकथा सांगत होत्या. ती अर्जात घातली नाही, पण घालायला हवी होती असं अजूनही वाटतं.

अर्ज एक पानाचा झाला. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. हे लिहिताना मला स्वतःलाही पटलं की मी बरोबर होतो. तोवर नुसता चिडलेलो होतो.

वाहतूक कक्षात अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि सल्ला मिळाला: भरून मोकळे व्हा. नाही भरलं तर प्रकरण कोर्टात जाईल. गेलं. पहिल्या तारखेला न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोप मान्य आहे का विचारलं. ‘नाही’ म्हणताना घसा कोरडा पडला, कारण आजूबाजूचे सगळे पटापट ‘हो’ म्हणून दंड भरून निघत होते. दुसरी तारीख नुसतीच पडली. तिसऱ्या तारखेला तोच पोलीस आला. दादानं त्याला एकच विचारलं: रस्त्यावर काही पडलं होतं का?

“व्हय, चुडत आशिल्लें,” तो म्हणाला. “गाड्यो वचपाक लागल्यो म्हणून हांवेंच कुशीक ओडलें.”

म्हणजे काकींनी नेलं ते त्यानंच बाजूला ओढलेलं. त्याच्यावरचा माझा राग तिथंच उतरला. मी सुटलो.

तीन अर्ध्या रजा गेल्या. पैशांत मोजलं तर दंड स्वस्त पडला असता. आणि निकालानंतरही काम उरतंच: ई-चलनाच्या साइटवर ते प्रलंबितच दिसत होतं. निकालाची प्रमाणित प्रत काढून कक्षात दिली, पोच घेतली, दर दोन दिवसांनी गाडीचा नंबर टाकून पाहत राहिलो. एका सकाळी ती ओळ नव्हती. काकींना सांगायला थांबलो तर त्या वळचणीला नवं चुडत टेकवत होत्या.