रोजचंच शहर, पण मागच्या दाराने

मागच्या महिन्यात फोनच्या मॅपमध्ये सहज टाइमलाइन उघडली आणि आख्ख्या वर्षाचं फिरणं एकदम बघितलं. घर, ऑफिस, लायब्ररी. तीन टिंबं आणि त्यांना जोडणारी एकच जाडजूड रेघ, बाकी सगळं शहर कोरं. नऊ वर्षं राहतेय मी इथं आणि कोणी विचारलं की ऐटीत सांगते, हो हो, मला पाठ आहे शहर.

असलंच एक चित्र आधी कुठंतरी वाचलेलं आठवलं. शोंबार द लोव नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये पॅरिसमधल्या एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या येण्याजाण्याचा नकाशा छापला होता, तर त्याचा निघाला एक छोटासा त्रिकोण, कॉलेज, घर आणि पियानोच्या बाई. गी दबोर नावाचा फ्रेंच लेखक ते बघून भयंकर वैतागला होता म्हणे, की एखाद्याचं आयुष्य इतकं आखूड कसं असू शकतं. तो आणि त्याचे मित्र त्या काळात पॅरिसमध्ये कामाबिमाशिवाय दिवसदिवस भटकायचे आणि त्याला 'देरीव्ह' म्हणायचे, म्हणजे वाहवत जाणं. त्याच्या एका मित्राने तर जर्मनीतल्या हार्झच्या डोंगराळ भागात लंडनचा नकाशा हातात धरून भटकंती केली होती! एवढा वेडेपणा मला जमणार नव्हता पण त्रिकोण मोडावा असं मनापासून वाटलं.

पहिला प्रयत्न पार फसला, तो आधी सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. 'मन मानेल तिकडं जायचं' असं ठरवून निघाले आणि चाळीस मिनिटांनी बघते तर माझ्याच बसस्टॉपवर उभी! आपल्याला वाटतं मन ठरवतंय, ठरवतात पाय, आणि पायांना ओळखीचाच रस्ता लागतो. म्हणून नियम लागतोच, कुठलाही चालेल पण तुमच्या आवडीनिवडीला त्यात जागा नको. मी घेतला सगळ्यात सोपा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, परत डावीकडे. (नुसतं डावीकडे-डावीकडे करू नका, रस्ते चौकटीत असतील तर चार वळणांत परत जिथल्या तिथे याल. आलटून पालटून वळलं की पायऱ्या चढल्यासारखं तिरकं पुढं सरकता येतं.) गल्ली पुढं बंद निघाली तर मागच्या चौकापर्यंत परत यायचं आणि तिथं उलटं वळायचं, बस.

तर रविवारी सकाळी पावणेसातला ऑफिसच्या दारातून सुरुवात, सोबत एक मैत्रीण. एकटीने जाऊ नये असं नाही पण अनोळखी भागात पहिल्यांदा दोघं-तिघं असलेली बरी, दबोरचंही मत दोन-तीन जणांच्या गटाचंच होतं, त्याची कारणं वेगळी असतील. आमचं कारण साधं, कुत्री.

पहिली दहा मिनिटं ओळखीचंच होतं सगळं. मग चौथ्या का पाचव्या वळणावर इमारतींच्या मागच्या बाजू सुरू झाल्या आणि तिथून खरी मजा. पुढून सगळ्या बिल्डिंगा कशा इस्त्री केलेल्या असतात, मागून बघा, पाइप, गळणारे एसी, बंद केलेली खिडकी ज्यात विटा वेगळ्या रंगाच्या, कुणीतरी वायरला अडकवलेला एकच बूट. माझ्या स्वतःच्या ऑफिसची पाठ मला ओळखू आली नाही, मैत्रिणीने बोर्ड दाखवला तेव्हा कळलं.

पुढं एक रस्ता विचित्र निघाला. आजूबाजूचे सगळे सरळ काटकोनात आणि हा एकटा नागमोडी, शिवाय हळूहळू उतरत जाणारा. मध्ये लोखंडी झाकण होतं, थांबून कान दिला तर खालून पाण्याचा आवाज, आणि तेही चांगलं जोरात वाहणारं. पाऊस नाही, काही नाही. सरळ रस्त्यांच्या मध्येच असा एखादा वाकडा रस्ता दिसला की समजावं, तिथं बऱ्याचदा आधी ओढा, जुनी पायवाट नाहीतर हद्द असते. झाकणावर पाय ठेवला तर तळव्याला थरथर जाणवत होती. दहा मिनिटं आम्ही दोघी रस्त्यात वाकून उभ्या, लोक बघत होते.

त्यानंतर मात्र रेल्वेच्या भिंतीने वाट लावली. डावीकडे वळायचं तर भिंत, उजवीकडे गेलं की परत भिंतच, पूल कुठं दिसेना. मॅप उघडला तर निळा ठिपका उड्या मारतोय, कधी भिंतीपलीकडे, कधी मागच्या गल्लीत. अरुंद गल्लीत उंच इमारती असल्या की जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे हे होणारच, जरा मोकळ्या चौकात जाऊन थांबलं की ठिपका शांत होतो. बॅटरी तोवर ११ टक्के. तेव्हा पॉवर बँक घ्याच, आणि घरातून निघतानाच ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी अ‍ॅप्स त्यासाठी चांगली, तो नकाशा लोकांनीच भरलेला असल्यामुळे गाडीला निरुपयोगी अशा पायऱ्या, बोळ, पादचारी पूल त्यात बरेचदा सापडतात. आमचा पूल तिथंच सापडला, बारीक तुटक रेघ.

पुलाच्या अलीकडे एक काका उभे होते, म्हटलं, "काका, हा रस्ता पुढे निघतो का?"

"निघतो की. पण तुम्हाला जायचंय कुठं?"

आता काय सांगणार! आम्ही एकमेकींकडे बघतोय, काकांचा चेहरा हळूहळू संशयी. तेव्हा ही टिप लिहून ठेवा, एक खोटं का होईना पण ठिकाण तयार ठेवा. मी समोर दिसली ती पाण्याची टाकी दाखवली, तिकडं जायचंय. काका म्हणाले, मग असं म्हणा ना.

आणि सांगितलंच आहे तर जाऊन बघू म्हणून गेलो. आता ही टाकी. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून रोज एक टाकी दिसते, उंच खांबांवरची, बाजूला लोखंडी शिडी. आणि ताईच्या गच्चीवरूनही एक टाकी दिसते, तिच्यावर गंजाचा लांबलचक ओघळ आलाय, दाढीसारखा. आम्ही पोचलो तेव्हा समोर शिडी होती. अरे, ही तर ऑफिसवाली! सहज गोल चक्कर मारून पलीकडे गेले तर वर दाढी.

मी खरंच पाच मिनिटं तिथं उभी राहिले. ताईकडे जायला मला दोन बस लागतात, पन्नास मिनिटं, म्हणून वर्षातून तीन-चारदा जाणं होतं, आणि माझ्या डोक्यात ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. पत्ता कधी मॅपवर नीट बघितलाच नाही, बस नंबर माहीत होता ना. बस रेल्वेमुळे लांबून वळसा घालते आणि तो वळसा माझ्या डोक्यात कधीच सरळ होऊन गेला होता. हे सगळ्यांचंच होतं, १९७० च्या दशकात स्टॅनली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पॅरिसच्या लोकांना शहराचा नकाशा काढायला लावला तर बहुतेकांनी सेन नदीचं मोठं वळण होतं त्यापेक्षा बरंच सौम्य काढलं. त्यांची नदी, माझी बस.

बाकी किरकोळ सूचना. नवे बूट घालू नका. ताशी पाच किमीचा हिशोब धरू नका, थांबत-बघत निम्मा वेगही पुरे, आम्हाला तीन तास लागले. सकाळीच निघा, उजेड हाताशी राहतो, आणि कोवळं ऊन असताना आपली सावली साधारण पश्चिमेकडे पडते, फोनचं होकायंत्र लोखंडाजवळ बिघडतं तेव्हा तीच कामाला येते. खाजगी फाटक दिसलं की नियम गेला उडत, परत फिरा. आणि घरच्या कुणाला तरी सांगून निघा.

मी नव्हतं सांगितलं. टाकीखालून ताईला फोन केला, म्हटलं, खाली ये, मी वीस मिनिटांत गेटवर येते. ती बिचारी घाबरली, काय झालं, अशी अचानक कशी, कुठल्या बसने येतेयस? म्हटलं, चालत. ती काही बोललीच नाही, फोन चालू ठेवून चप्पल शोधत असल्याचा आवाज आला फक्त.

परतीला पाय बोलत होते म्हणून नेहमीची बस घेतली. खिडकीतून टाकी तीनदा दिसली, आधी उजवीकडे, मग एकदम समोर, मग डावीकडे.