तुम्ही विचारलंत म्हणून: आतल्या टोळ्या तुम्ही मोडत का नाही?

मी तुरुंगाधिकारी होतो हे कळलं की लग्नाची पंगत असो की दहाव्याचा घाट, प्रश्न ठरलेला. "साहेब, आत कोण कोणाच्या टोळीत आहे हे तुम्हाला माहीत असतंय ना? मग मोडत का नाहीत?" विचारणाऱ्यानं उत्तर मनात आधीच देऊन टाकलेलं असतं: पैसे खाल्ले असतील. खाणारे होते. माझ्या हाताखालीही होते. मोबाइल काही आपल्या पायांनी आत येत नाही. पण तेवढ्या एका उत्तरावर कोणी माझी सगळी नोकरी निकालात काढली की माझं डोकं फिरतं.

ओळखणं अवघड नाही. सिनेमातल्यासारखं अंगावरचं गोंदण आमच्याकडं कोणी तपासत बसत नाही. बराकीत शिरलं की पंख्याखाली कोणाची पथारी आहे आणि संडासाच्या दाराशी कोणाची, एवढं बघायचं. कोणाचं ताट दुसराच धुतोय ते बघायचं. मग मनीऑर्डरींचं रजिस्टर. वेगवेगळ्या आडनावांच्या, वेगवेगळ्या गुन्ह्यांतल्या चारपाच जणांना एकच माणूस पैसे पाठवत असेल आणि त्यांचा वकीलही एकच असेल, तर आणखी पुरावा कशाला पाहिजे? भांडणाच्या बराकीची मला कधी धास्ती वाटली नाही. महिनोन्महिने जिथून एक तक्रार येत नाही, ती बराक कोणाच्या तरी ताब्यात असते. वरिष्ठांच्या तपासणीत शाबासकी मिळते ती तिलाच.

आपल्याकडं टोळी म्हणजे मुंबईसारखं मोठं नाव नसतं. तालुका असतो, गोदाकाठच्या वाळूचा ठेका असतो, एखादा पुढारी असतो, आणि बऱ्याचदा जात असते. सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला जातीवरून बराकी आणि कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितला. योग्यच केलं. पण रात्री दार लागल्यावर आतली माणसं आपापली पथारी कोणाशेजारी टाकतात, ते कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं. आणि उलटंही खरं आहे. चार पारधी पोरं एकत्र बसली की आमचा शिपाई लगेच "टोळी" म्हणायचा. अशा जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, शिपायाच्या डोक्यातून गेला नाही. मी त्याला झापायचो. दर वेळी झापायचो, असं मात्र छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

"मोरक्याला दुसरीकडं पाठवा," हा सल्ला तर फुकट मिळतो. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून संपायचा आहे तो, कोर्टाला विचारल्याशिवाय हलत नाही. मराठवाड्यात मध्यवर्ती कारागृह एकच, हर्सूलचं; बाकी जिल्ह्यांची लहान. पाठवणार कुठं? आणि पाठवला तरी नव्या जागी तो नवी माणसं जोडतो. ब्राझीलमध्ये १९९३ साली तौबाते गावच्या तुरुंगात एक टोळी जन्मली. सरकारनं तिचे म्होरके दुसऱ्या राज्यांतल्या तुरुंगांत नेऊन टाकले, आणि टोळी त्या राज्यांतही रुजली. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. त्याआधी बदलीचे प्रस्ताव मीच भक्तिभावानं लिहीत होतो.

आता त्या पोराबद्दल. एकोणीस वर्षांचा. बांधाच्या भांडणात चुलत्याच्या बाजूनं गेला आणि खुनाच्या गुन्ह्यात आरोपी क्रमांक सात झाला. आला तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नव्हतं. आम्ही नियमाप्रमाणं सतरंजी दिली. बराकीतल्या एका अण्णानं साबण दिला, टॉवेल दिला, कँटीनची बिस्किटं दिली, भिंतीकडची जागा दिली. दोन महिन्यांनी पोरगा अण्णाचं ताट धूत होता.

ते ताट मी पाहिलं आणि त्याला दुसऱ्या बराकीत हलवायचं ठरवलं. पोरगा पाया पडला. "साहेब, मला हितंच ऱ्हाऊ द्या. तिकडं मला कोण इचारील?"

"म्हणूनच हलवायलोय," मी म्हणालो. ह्या वाक्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

नव्या बराकीनं त्याला अण्णाचा हेर ठरवलं. तिसऱ्या रात्री बादलीनं डोकं फोडलं. सिव्हिलमध्ये टाके घालून परत आणला, तर आता ठेवायचा कुठं? जुन्या बराकीत नेला तर अण्णा जिंकला. नव्यात ठेवला तर जीव जाईल. म्हणून एकट्याला सेलमध्ये ठेवला. सेलमध्ये ठेवायचं तर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: अमुक टोळीशी संबंधित असल्याने सुरक्षेच्या कारणास्तव. त्या दिवसापासून कागदावर तो टोळीचा माणूस झाला. तो टोळीचा नाही हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत होतं, त्याच्याच हस्ताक्षरात.

कॅलिफोर्नियात एके काळी नुसत्या टोळीच्या शिक्क्यावर माणसं वर्षानुवर्षं एकांतात ठेवत. २०१३ साली तिथल्या सुमारे तीस हजार कैद्यांनी अन्न नाकारलं, आणि २०१५ च्या समझोत्यात ठरलं की शिक्का पुरे नाही, माणसानं आत काय केलं ते दाखवा. माझ्या पोरानं काय केलं होतं? ताट धुतलं होतं.

पुढं त्याला जामीन झाला. म्हणजे कागदावर झाला. बापाच्या दोन एकरांवर सोसायटीचं कर्ज. ऐपतदार जामीनदार मिळेना. जामिनाचा हुकूम हातात घेऊन पोरगा आतच बसला. आई मुलाखतीला यायची, मला विचारायची, "सोडायचं म्हणले ना जजसाहेब, मग अडलं कुठं?" मी तिला विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायला सांगितलं. तो अर्ज फिरत होता तेवढ्यात एक माणूस स्वच्छ सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिला. अण्णाचा माणूस. पोरगा गेटमधून निघाला तो त्याच्याच पांढऱ्या गाडीत बसून.

माझ्यातला जुना तुरुंगाधिकारी अजून वाद घालतो: हलवला नसता तर काय वेगळं झालं असतं? गाडी तीच असती. मी म्हणतो, मग डोकं फुटलं ते कशासाठी? तो म्हणतो, एकोणीस वर्षांच्या पोराला दुसऱ्याचं ताट धुताना बघून गप्प बसायचं होतं का? ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. आजही हलवीनच, असं वाटतं. फक्त हलवण्याआधी जामीनदार शोधीन. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी पैशाच्या मदतीची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. माझ्या वेळी ती नव्हती. अण्णाकडं मात्र होती, आणि तिला कसलाही अर्ज लागत नव्हता.

तेव्हा मोडायचं काय? साबण, जागा, वकील, जामीनदार, हे सगळं टोळी देते. नुसता माणूस हलवून त्यातलं काय तुटतं ते मला कोणी सांगावं.

पोरगा आता वाळूचा हायवा चालवतो. मागं बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. माझ्या घराच्या वरच्या मजल्याचं बांधकाम तेव्हा चालू होतं. "साहेब, वाळू लागली तर फोन करा. तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत." मी नको म्हणालो. कंत्राटदारानं दुसरीकडून दोन गाड्या आणल्या. त्या कुठल्या घाटावरच्या, हे मी त्याला विचारलं नाही.