नागपुरातलं कुंडीतलं अंजीर: धास्ती थंडीची नको, मे महिन्याची ठेवा

यूट्यूबवर कुंडीतल्या अंजिराचे जे व्हिडिओ दिसतात, त्यातले बरेचसे थंड मुलखातले असतात. कुंडी काळी घ्या, दक्षिणेच्या भिंतीला लावून ठेवा, हिवाळ्यात झाड गुंडाळा नाहीतर गॅरेजमध्ये न्या, छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तिकडे हे बरोबरच आहे, कारण तिथल्या माळ्याला ऊब साठवायची असते. नागपुरात हाच सल्ला पाळला तर मे महिन्यात मुळं शिजतात आणि फळ चामड्यासारखं निघतं. आपल्याला बरीचशी कामं उलट करायची आहेत.

आधी थंडीचं बघू. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, त्या रात्रीही मोठ्या अंजिराला काही होण्याचं कारण नव्हतं. पानं गाळून बसलेलं जून झाड उणे 8-9 अंशांपर्यंत तग धरतं. फक्त त्या वर्षी लावलेली कोवळी रोपं तेवढी रात्री भिंतीच्या आडोशाला सरकवा. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळू लागली की लोक घाबरून पाणी वाढवतात, आणि नेमकं तेच झाडाला मारतं. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही, कुंडी ओलीच राहते, मुळं कुजतात. शंका आली तर नखाने फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड ठणठणीत आहे. कुंडीला हात लावू नका.

खरी मेख वेळापत्रकात आहे. अंजिराचं मुख्य फळ नव्या फुटीवर येतं, म्हणजे छाटणीची तारीखच फळाची तारीख ठरवते. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळाचे हंगाम, धरतात. मे-जूनच्या छाटणीचा खट्टा बहार नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीचा मीठा बहार फेब्रुवारी ते मे. नावातच चव कळते. नागपुरात घरच्या झाडावर मीठाच धरावा. खट्ट्याची फूट ऐन पावसात वाढते आणि तांबेऱ्याच्या, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाच्या, तोंडी जाते.

छाटणी दसऱ्याच्या सुमारास उरका, ऑक्टोबरच्या मध्याच्या पुढे नेऊ नका. उशीर झाला की नवी फूट बोटभर होते न होते तोच थंडी पडते आणि वाढ थांबते. ती फेब्रुवारीत पुन्हा चालते, मग फळ मे महिन्यात येतं. पारा चाळिशीपार गेल्यावर पिकणारं अंजीर गर भरायच्या आतच पिवळं पडतं, साल जाड राहते, आत कोरडं. जातीला दोष देण्याआधी छाटणीची तारीख आठवून बघा.

छाटणीपूर्वी झाडाला ताण हवा. आपल्याकडे पाऊस रेंगाळतो, म्हणून पोळा-मारबत आटोपले की कुंडी दहा-बारा दिवस पत्र्याखाली किंवा बाल्कनीत ओढून ठेवा आणि पाणी निम्म्यावर आणा. मग गेल्या हंगामातली प्रत्येक फांदी दोन-तीन डोळे (जिथून फूट येते त्या कळ्या) ठेवून कापा. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या मुळातून काढा. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. त्यानंतर एक किलो गांडूळ खत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. युरियाचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की पानं सुपाएवढी होतात आणि फळ धरत नाही. फुटीला सहा-सात पानं आली की शेंडा खुडा. जानेवारीत फळ सुपारीएवढं झाल्यावर 0:0:50 हे पाण्यात विरघळणारं पालाशाचं खत लिटरला 3 ग्रॅम घेऊन पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं की पुरतं.

रोप घेताना 'अंजीर' एवढीच चिठ्ठी असलेलं घेऊ नका, जात विचारा. पुना अंजीर किंवा दौलताबादच्या जातीतून निवडलेलं दिनकर घरासाठी चांगलं. पुना अंजिराला परागीकरण लागत नाही. सुक्या अंजिरातलं बी पेरण्याचा खटाटोप बरेच जण करतात. ते उगवतंही झकास, पण त्यातली साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि उरलेल्यांपैकी अनेकांना फळ धरायला एक विशिष्ट चिलट लागतं, जे आपल्याकडे नाही. चार वर्षं पाणी घालायचं आणि फळं गोटीएवढी होऊन गळताना बघायची. शेजारच्या उंबरातली चिलटं कामाला येत नाहीत, त्यांचं लग्न उंबराशीच लागलेलं असतं.

त्यापेक्षा ऑक्टोबरच्या छाटणीतल्या फांद्याच लावा. पेन्सिलीएवढी जाड, 20 ते 25 सेंटिमीटर लांब, चार-पाच डोळ्यांची फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या, चीक वाळू द्या, आणि दोन तृतीयांश फांदी निम्मी वाळू-निम्मं कोकोपीट यात रोवून सावलीत ठेवा. पानं फुटली म्हणजे मुळं आली असं नाही. फांदी साठवणीतल्या जोरावरही पालवते, आणि उकरून बघणाऱ्याच्या हातात तिथेच मरते.

कुंडी 18 बाय 18 इंचांची, म्हणजे साधारण 75 लिटरची असावी. फिकट रंगाची ग्रो बॅग सगळ्यात सोयीची. काळा ड्रमच असेल तर बाहेरून चुना मारा. आपली काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळून मुळं तोडते. दोन घमेली लाल माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं चाळलेलं जुनं शेणखत, अर्धं घमेलं भाताचा तूस, या प्रमाणात भरत जा. शेवटी पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. वांगी-टोमॅटोच्या जुन्या कुंडीतली माती मात्र अजिबात वापरू नका. तिच्यात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, असतात आणि अंजीर त्यांना लगेच बळी पडतं. झाड खुरटलेलं, मुळांवर गाठीच गाठी, आणि एकदा लागण झाली की औषधाने मोकळं होत नाही.

उन्हाळ्यात हवेपेक्षा स्लॅब जास्त जाळतो. कुंडी विटांवर उचलून ठेवा, खालून हात जाईल एवढी पोकळी हवी. जागा पूर्वेची निवडा, म्हणजे दुपारी दोननंतर सावली मिळेल. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस लागेपर्यंत नैऋत्येच्या बाजूने 50 टक्क्यांची ग्रीन नेट बांधा (शहरातल्या सिग्नलवर बांधतात तशी वरून पूर्ण झाकली तर झाड लुळं वाढतं). खोडाला चुना, मातीवर तीन इंच पालापाचोळा. कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्याही अंथरायला चालतात, पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि महिनाभरात पानांच्या कडा करपायला लागतात. मे महिन्यात सकाळी पाच-सहा लिटर पाणी द्या. संध्याकाळी बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. या दिवसांत चुकून फळ धरलं तर तोडून टाका.

पावसाळ्याचा शत्रू तांबेरा. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे ठिपके दिसतात, आणि पान उलटवून अंगठा फिरवला तर तांबूस भुकटी लागते. दुर्लक्ष केलं तर ऑगस्टपर्यंत झाड बोडकं. गळलेली पानं कुंडीत कुजू देऊ नका, जाळा. औषध घरीच बनवता येतं: 10 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबडा थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पानं जळतील, आणखी चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि पानांच्या खालून फवारा. पहिली फवारणी जूनमध्ये, मग उघडीप बघून दर पंधरा-वीस दिवसांनी. खोडाच्या बुडाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा आहे. भोकात तार घालून अळी ठेचा, रॉकेलचा बोळा कोंबून चिखलाने बुजवा.

फळ बराच काळ आहे तेवढंच राहतं आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगतं. त्याच दिवसांत पाणी कमीजास्त झालं की तडकतं. अंजीर तोडल्यावर गोड होत नाही, म्हणून घाई करू नका: मान वाकली, सालीवर बारीक रेघा उमटल्या, तळाच्या बारीक भोकाशी मधासारखा थेंब आला की देठासकट काढा. बुलबुल आणि खार मात्र एवढं थांबत नाहीत. फळ फुगायला लागताच एकेकाला जाळीची पिशवी बांधा. सेमिनरी हिल्सच्या बाजूला राहणाऱ्यांना पिशवी पुरणार नाही, माकडं पिशवीसकट नेतात, तिथे पिंजराच हवा. तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. हा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की फोड येतात, आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.