पाइपावरचं काढलं, पत्रे ठेवले : जुन्या इमारतीतल्या ॲस्बेस्टॉसचा माझा अनुभव

आमची इमारत जुनी. खाली दादाचं वर्कशॉप, जुन्या गाड्या आणि मशिनं दुरुस्त करायचं, आणि वर आम्ही राहतो, म्हणजे घर आणि कामाची जागा यात फक्त एक जिना. रिनोव्हेशन काढायचं ठरलं तेव्हा मिस्त्रीने मागच्या शेडचे पन्हळी सिमेंटचे पत्रे बघितले आणि म्हणाला, "ताई टेन्शनच नाही, दोन पोरं वर चढवतो, हातोडीने फोडून संध्याकाळच्या आत सगळं खाली." मी म्हटलं थांबा जरा, आधी टेस्ट, जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस म्हणजे बारीक तंतूंचं खनिज असू शकतं. मी नोकरी करते तिथे इमारतीचं ॲस्बेस्टॉस रजिस्टर, म्हणजे तो कुठे कुठे आहे त्याची नोंदवही, माझ्याकडे असतं, कुणीही भिंतीला ड्रिल लावायच्या आधी त्याला ते दाखवून सही घ्यायची, त्यामुळे या विषयात माझं डोकं जरा जास्तच चालतं असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

दादाचं म्हणणं एकच, "इतकी वर्षं याच पत्र्यांखाली काम करतोय, काय झालं मला?" ज्याच्या घरी हा विषय निघेल त्याला हे ऐकावं लागणारच. अडचण अशी आहे की ॲस्बेस्टॉसची धूळ नाकात गेली तरी ना वास येतो ना खोकला ना डोळे चुरचुरतात. तंतू उभे चिरत जातात, इतके बारीक होतात की हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि फुप्फुसात पार खोलवर जाऊन बसतात, शरीराला ते सहजी बाहेर काढता येत नाहीत. मग ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुसं आतून घट्ट होत जाणं म्हणा, फुप्फुसाचा कॅन्सर म्हणा, किंवा मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, हे बहुतेक वेळा २० ते ५० वर्षांनी वर येतं. त्यामुळे "काय झालं मला" याचं उत्तर आज मिळतच नाही. आणि पांढरा ॲस्बेस्टॉस चालतो, निळाच वाईट असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सगळेच प्रकार कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेत.

दादा हलला नाही पण वहिनी हलली. मी तिला सांगितलं की १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ पेशंटांचा अभ्यास छापला, त्यातले बहुतेक निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या पट्ट्यातले, पण सगळेच काही खाणकामगार नव्हते, काही जण लहानपणी फक्त तिथे राहिले होते. आणि नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. दादाचा डांगरी ड्रेस आमच्याकडे सगळ्यांच्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये जायचा. त्या संध्याकाळपासून तो ड्रेस वर यायचा बंद झाला, वहिनीने चर्चाच ठेवली नाही.

आता टेस्ट. नुसतं बघून कुणालाच कळत नाही, मिस्त्रीलाही नाही आणि मलाही नाही, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत आहेच असं धरून चालायचं. आम्ही सर्व्हे करणारा माणूस बोलावला. त्याची सॅम्पल घ्यायची पद्धत बघण्यासारखी होती. आधी पंखे बंद, दारं बंद, आम्ही सगळे बाहेर, खाली प्लॅस्टिक पसरलं, तोंडाला पी३ म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क, आणि स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि साबणाचे दोन-चार थेंब, कारण साध्या पाण्याने तंतू नीट भिजत नाहीत, साबणाने पाणी आत मुरतं. पाइपांवरच्या लॅगिंगवर, म्हणजे उष्णता टिकवायला गुंडाळलेल्या आवरणावर, फवारा मारून नखाएवढा तुकडा कापला, पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत, वर लेबल. मग कापलेल्या जागी सीलंट लावून वरून टेप, आणि ज्या ओल्या फडक्याने पुसलं ते फडकंसुद्धा पिशवीतच गेलं. हे स्वतः करायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत, कित्येक ठिकाणी कायद्यानेही प्रशिक्षण घेतलेला माणूसच लागतो.

रिपोर्टमध्ये बंद पडलेल्या बॉयलरच्या पाइपांवरचं लॅगिंग म्हणजे अमोसाइट, तपकिरी ॲस्बेस्टॉस. पत्र्यांत क्रायसोटाइल, पांढरा. स्वयंपाकघरातल्या जुन्या व्हायनल टाइल्स क्लीन, पण त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गमात क्रायसोटाइल निघाला! नुसत्या टाइलचा तुकडा पाठवून मोकळे झालो असतो तर ते कळलंच नसतं, म्हणून टाइल आणि गम दोन्हींचं सॅम्पल वेगळं मागा.

यानंतर मिस्त्री म्हणाला चला मग सगळंच काढून टाकू, एकदाची कटकट जाऊ दे. मला हे पटत नव्हतं आणि सर्व्हेवाल्यालाही नाही. धोका असतो तो हवेत उडालेल्या तंतूंचा. सिमेंटच्या पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के ॲस्बेस्टॉस असतो पण तो सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो, पत्रा धड असेल आणि कुणी त्याला कापलं, घासलं, भोक पाडलं नाही तर तंतू फारसे सुटत नाहीत. लॅगिंगचं उलटं, ते बोटांनी चुरडलं तरी भुगा होतो, आणि आमचं तर एका कोपऱ्यात फाटून लोंबत होतं, खालून रोज माणसं ये-जा करणार. म्हणून ठरलं की लॅगिंग काढायचं, पत्रे ठेवायचे, टाइल्स न उखडता वरूनच नवीन फ्लोअरिंग टाकायचं.

पत्र्यांवर शेवाळ होतं, ते प्रेशर पंपाने धुवायचं दादाच्या डोक्यात होतं, ते रद्द केलं, त्या जोराने वरचा सिमेंटचा थर निघतो आणि तंतूंचा चिखल सगळीकडे पसरतो. दोन ठिकाणी तुटलेल्या कडा होत्या, त्या मचाणावर उभं राहून खालूनच सील करून घेतल्या. आणि एक गोष्ट, वर चढवतो म्हणालेल्या त्या दोन पोरांबद्दल. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलेल याचा भरवसा नसतो, पाय पडला की माणूस सरळ खाली. कॅन्सरला २० वर्षं लागतील, याला एक सेकंद. पत्रे बदलायचेच असतील तर भिजवून, बोल्ट सोडवून किंवा कापून, अख्खा पत्रा हळू खाली उतरवायचा, फोडायचा नाही आणि वरून फेकायचाही नाही.

लॅगिंग काढायला या कामाचं लायसन असलेला कॉन्ट्रॅक्टर लावला. बॉयलरची खोली आतून जाड प्लॅस्टिकने दोन थरांत बंद केली, हेपा म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं एक मशिन सतत आतली हवा ओढत होतं म्हणजे कुठे फट राहिली तरी हवा बाहेरून आत जाईल, आतली बाहेर येणार नाही. आत-बाहेर करायला तीन कप्पे, एकात कामाचे कपडे उतरवायचे, मधल्यात अंघोळ, तिसऱ्यात आपले कपडे. कामगारांपैकी एकाला दाढी होती, त्याला सुपरवायझरने दाढी करून यायला लावलं, कारण मास्क गालाला चिकटून बसला नाही तर कितीही भारी फिल्टर असू दे, हवा कडेने आत येते. (मिस्त्रीचा एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून बघायला येत होता, त्याला मी हाकलला.) झाडू कुठेच नाही, साधा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, तो तंतू मागून बाहेर फेकतो.

इथे एक गोष्ट मी हट्टाने केली. काम संपल्यावरची तपासणी कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीच्या माणसाकडून न करता वेगळा माणूस आम्ही स्वतः लावला. त्याने टॉर्च तिरका धरून एकेक पाइप बघितला आणि भिंतीच्या क्लॅम्पमागे, जिथे हातसुद्धा नीट जात नाही, तिथे पांढुरकी धूळ दाखवली. फेल. कॉन्ट्रॅक्टरचं तोंड वाकडं झालं पण पुन्हा साफ करावं लागलं. डोळ्यांनी पास झाल्यावरच हवेची टेस्ट, घनसेंटिमीटरमागे ०.०१ तंतूपेक्षा कमी असा आकडा आला तेव्हा प्लॅस्टिक उतरवलं. डबल पिशव्यांवर लेबल लावून माल परवानगी असलेल्या डंपिंगच्या जागीच गेला, त्याची पावती जपून ठेवलीय, साध्या डेब्रिजमध्ये हा माल टाकायचा नसतो.

वर्कशॉपचं मात्र एवढ्यावर संपलं नाही, खरं तर जास्त धूळ रोजच्या कामात होती. जुन्या गाड्यांचे ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि दादाचे कारागीर ब्रेक ड्रम उघडला की एअर गनने फूस करून धूळ उडवायचे. काका म्हणून आमचे सगळ्यात जुने कारागीर आहेत, ते म्हणाले ताई हाताला सवय आहे, त्याशिवाय ड्रम साफ झाल्यासारखा वाटत नाही. आता लायनरवर आधी ब्रेक क्लीनरचं पाणी सोडायचं, ओलं पुसायचं, फडकं पिशवीत. एअर गनचा पाइप दादाने ब्रेकचं काम करायच्या जागेवरून काढूनच टाकला, सांगून सवय सुटत नाही. गॅस्केट ग्राइंडरने घासणं बंद, भिजवून पातीने खरवडायचं.

दादा डॉक्टरांकडेही जाऊन आला, वहिनीने पाठवलं. त्यांनी सांगितलं की तंतू एक्सरेत दिसत नाहीत, दिसला तर त्यांनी केलेला बिघाड दिसतो, तो सध्या नाही, पण धूळ आणि सिगारेट दोन्ही एकत्र असली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा बराच जास्त होतो, तेव्हा आधी ती सोडा. सोडलीय म्हणतो.

आमचंही आता रजिस्टर आहे, मेन स्विचबोर्डशेजारी लटकवलेलं, कुठे काय आहे त्याचा नकाशा, फोटो, अवस्था, आणि दर सहा महिन्यांनी पत्रे बघून तारीख टाकायची. मध्यंतरी केबलवाला आला, शेडच्या पत्र्याला भोक पाडून केबल नेणार होता, काकांनीच त्याला रजिस्टर दाखवून अडवलं आणि केबल भिंतीवरून फिरवायला लावली. वायर जास्त लागली, त्याचे पैसे कुणी द्यायचे यावरून दादा अजून कुरकुरतोय.